गिटारीच्या किल्ल्या

निफाडची थंडी ही आता वर्तमानपत्रांच्या मालकीची झाली आहे. मार्गशीर्ष सरत आला की येथील गहू संशोधन केंद्रातील पारा काल किती अंशांवर उतरला, ही वार्ता ठळक अक्षरांत छापली जाते, आणि पुण्यामुंबईकडील आप्तेष्ट आम्हांस दूरध्वनी करून, "अद्याप गोठला नाहीत ना?" अशी चौकशी करतात. त्या दिवसांत आमच्याकडील द्राक्षबागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवितात व घडांस ऊब देतात. आम्हांस बाग नाही. आम्हांस राखावयाचा असतो तो एक तंबोरा. कोरड्या थंडीत लाकूड आकसते, खुंटी आपल्या भोकात सैल होते, आणि रात्री नीट लावून ठेवलेले वाद्य सकाळी खोळ काढून पाहावे तो खर्जाची तार लुळी पडलेली! मग खुंटी उपसून काढावी, तिला खडू चोळावा, आणि आत दाबीत दाबीत पिळावी, हा आमचा कैक वर्षांचा हिवाळी नेम आहे. पावसाळ्यात याच्या नेमके उलट. तेव्हा खुंटी फुगून अशी रुतून बसते की तिला हलविण्यासाठी मनगटाबरोबर शिव्यांचाही उपयोग करावासा वाटतो.

गेल्या डिसेंबरात या नेमात खंड पडला. आमची पुतणी, म्हणजे आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंची एकुलती एक कन्या, ओझरहून आली ती खांद्याला एक लांबोडकी, धुळकट पिशवी अडकवून. पायांवरील धूळही न झटकता तिने ती पिशवी आमच्यासमोर सतरंजीवर ठेवली.

"काका, बाबांची गिटार. माळ्यावर होती. मला शिकायची आहे. पण हिच्या की तुटल्यात. नाशिकच्या दुकानात दाखवली, तर ते म्हणाले, दुरुस्तीला पैसे घालू नका, नवीनच घ्या."

बंधूंस जाऊन तेव्हा वर्ष पुरे व्हावयाचे होते. ही गिटार आम्ही १९८४ सालानंतर पाहिली नव्हती. तिने त्यानंतर आमच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही, याचे कारण आम्हीच. परंतु ते यथाक्रम येईल.

प्रथम त्या तुटलेल्या वस्तूविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी आता एखादी तरी गिटार भिंतीला टांगलेली असते आणि तिच्या माथ्याकडे कोणी कधी निरखून पाहिलेले नसते. दुकानदार ज्यांस मशीन हेड म्हणतात व मुले नुसते 'की' म्हणतात, त्यांस आम्ही किल्ल्या म्हणणार. गिटारीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस एकेक धातूची पट्टी स्क्रूंनी बसविलेली असते, आणि प्रत्येक पट्टीवर तीन तीन किल्ल्या. (महागड्या गिटारींत प्रत्येक किल्ली सुटी असते म्हणतात, ही महागडी नव्हती.) किल्लीचे बोंड आपण बोटांत धरून फिरवितो, बोंडाच्या दांडीवर मळसूत्राचे आटे कोरलेले असतात, ते आटे एका लहानशा दातेरी चाकात अडकतात, आणि ते चाक ज्या खांबास जडविलेले असते त्या खांबावर तार गुंडाळलेली असते. पुतणीने चाकाचे दाते मोजले, ते चौदा भरले. अर्थात् बोंडाचे चौदा फेरे झाले म्हणजे खांबाचा एक फेरा होतो. आणि यातील खरी युक्ती अशी की मळसूत्र चाकाला फिरवू शकते, परंतु चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. सहा पोलादी तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण असतो. तो सारा ताण चाकांवर रात्रंदिवस जोर करीत असतो, तरी बोंड जागचे हलत नाही. त्यास ना खडू लागतो, ना मनगट, ना शिव्या.

तंबोऱ्याची खुंटी पाहावी तर किती साधी! निमुळते होत गेलेले शिसवी लाकूड आणि तसेच निमुळते भोक, एवढ्यावर सारा कारभार. तिला धरून ठेवते ते केवळ घर्षण. आमचा तंबोरा तीर्थरूपांनी मिरजेहून आणलेला आहे. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांस धार लावणारे. शस्त्रांचे दिवस गेल्यावर गेल्याच्या मागील शतकात फरीदसाहेबांसारख्यांनी सतारी व तंबोरे बनविण्यास आरंभ केला, आणि पुढे सतारमेकर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यावयाचे, लाकूड तुणीचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही ते कात्रण फडताळाच्या दारावर चिकटविले. घरात कोणी विचारले नाही तरी आम्ही ते वाचून दाखवीत असू. खुंटी तुटली तर मिरजेचा कारागीर नवी खुंटी त्याच भोकाच्या मापाने तासून देतो. वाद्य फेकून द्या असे तो कधी म्हणणार नाही. या गोष्टीचा आम्हांस फार अभिमान होता, आणि तो अभिमान पाजळण्याचा प्रसंग बंधूंनी आम्हांस पुरेपूर दिला होता.

बंधू १९८३ साली ओझरच्या विमान कारखान्यात उमेदवारीस लागले. मिग विमाने तेथे तयार होत. पहिल्या काही महिन्यांचे विद्यावेतन साठवून ते एका रविवारी मुंबईस गेले, धोबी तलावाच्या बाजूस विलायती वाद्यांची जुनी दुकाने आहेत तेथे हिंडले, आणि रात्रीच्या गाडीने निफाड स्थानकावर उतरले ते ही गिटार घेऊन. आमचे वय तेव्हा तिशीच्या आत, नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून कायम झालेलो, गाण्याच्या तीनचार परीक्षा उत्तीर्ण. सबब आमच्या मतांस जी धार होती ती शिकलगारांनाही लावता आली नसती. आम्ही म्हणालो, "हे वाद्य नव्हे, हे सिनेमातल्या पोरांचे खेळणे." न्यायमूर्ती रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले, हे आम्ही दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगत असू, परंतु त्यांच्या गावच्या या मास्तराच्या घरात एका विलायती वाद्यास दोन फूट जागा मिळेना.

बंधू स्वभावाने मितभाषी. तरी त्या वेळी ते एवढे म्हणाले, "दादा, तुमची पेटी कुठली?" प्रश्न बिनतोड होता. पेटी ही विलायतेहून आलेली, हे काय आम्हांस ठाऊक नव्हते? ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या दारातून हाकलले, आणि ती बंदी अंशतः उठावयास १९७१ साल उजाडावे लागले. एवढ्या अवधीत गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकून माना डोलावणाऱ्या महाराष्ट्राने तिला कधीच घरची केली होती. इतकेच नव्हे, तर शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आमच्या स्वतःच्या कपाटात होती, आणि तीत काब्रा वाजवितात ती गिटारच! आम्ही ती ऐकत असू. मात्र विचारणाऱ्यास संतुरासाठी व बासरीसाठी ऐकतो असे सांगत असू. बंधूंच्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही. वडील भावांस उत्तर न देण्याची एक सोय असते, तिचा लाभ घेतला.

खरे वर्मी लागले ते पुढल्या वर्षीच्या पाडव्यास. बंधूंना वाटले, दादा गातात, आपण सोबत करावी. गिटारीची चौथी तार मोकळी छेडली की पांढरी दोन वाजते. आमचा तंबोरा काळी एकमध्ये. अंतर अवघ्या अर्ध्या स्वराचे. बंधू म्हणाले, "दादा, आजच्या दिवस अर्धा स्वर चढवाल का? माझ्या तारा उतरवल्या तर सैल पडून वाजतात." मागणी काही अवाजवी नव्हती. आमचा गळाही तेव्हा पांढरी दोनला भीत नव्हता. परंतु आम्ही म्हणालो, "तंबोरा गिटारीसाठी चढत नसतो."

घरी पाहुणे होते. कोणीतरी हसले. बंधूंनी निमूटपणे आपल्या सहाही किल्ल्या उलट्या फिरविल्या, तारा उतरविल्या. त्या खरोखरच सैल पडून पट्ट्यांवर खडखडू लागल्या. दोन मिनिटांनी त्यांनी वाद्य पिशवीत घातले. पुढल्या महिन्यात त्यांस ओझरच्या वसाहतीत घर मिळाले, तेव्हा सामानाबरोबर गिटारही गेली. आमचे वैर झाले असे कोणी समजू नये. सणावारी येणेजाणे होते, त्यांच्या लग्नात आम्ही पुढे होऊन उभे होतो, आजारपणात ते आमच्या उशाशी बसले. गिटारीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही, आणि आम्ही अशी समजूत करून घेतली की तरुणपणाचे वेड होते, वर्षभरात ओसरले असेल.

आता डिसेंबरातील त्या सतरंजीवर परत येऊ. किल्ल्यांची अवस्था अशी होती: दोन बोंडे पांढऱ्या प्लॅस्टिकची होती ती इतकी जीर्ण झाली होती की हात लावताच बत्ताशासारखी फुटली. एका किल्लीची मळसूत्री दांडी वाकलेली. दोन धड होती ती फिरताना करकरत. आणि सहावे बोंड प्लॅस्टिकचे नव्हतेच. ते अल्युमिनियमचे होते. हाताने कापून, कानसीने घासून, कडा गोल करून, मध्यभागी भोक पाडून दांडीवर ठोकलेले. इतर पाच बोंडांचा आकार त्याने हुबेहूब घेतला होता.

आम्ही पुतणीस विचारले. तिला ठाऊक नव्हते. म्हणून भावजयीस दूरध्वनी केला. त्या पलीकडून हसल्या.

"तो माझ्या पातेल्याचा कान आहे. बोंड तुटलं म्हणून ह्यांनी कापला. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पातेलं अजून आहे, एका कानाचं."

"म्हणजे ते तेव्हाही वाजवीत होते?"

"तेव्हाही म्हणजे? हात चालत होते तोवर रोज जेवणानंतर बसायचे. भूप वाजवायचे. दुसरं येत होतं कुठे त्यांना?"

भूप आम्हीच शिकविला होता. ते दहा वर्षांचे असताना, याच सोप्यात, याच तंबोऱ्यावर.

आम्ही दूरध्वनी ठेवला आणि पुतणीस म्हणालो, किल्ल्या आपण बदलू.

हे बोलणे सोपे होते. नाशिकच्या त्या दुकानदारावर आमचा राग नाही. हिशेब त्याचा बरोबर होता. जुन्या साध्या गिटारीची किंमत ती काय, आणि मजुरी किती व्हावी! पट्टीसकट तीन तीन किल्ल्यांचा जोड आता घरपोच मागविता येतो. पुतणीने दूरध्वनीच्या पडद्यावर चित्र पाहून तो मागविला. चार दिवसांनी आला तो चुकीचा. गिटारींच्या माथ्याचे दोन प्रकार असतात हे आम्हां दोघांस नव्याने समजले. नायलॉनच्या तारांच्या गिटारीचा माथा चिरांचा असतो आणि तिच्या किल्ल्यांचे खांब जाड व आडवे. आमचा माथा भरीव आणि खांब बारीक व उभे. दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे होऊन मोजपट्टी घेतली. एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, खांबाची जाडी, पट्टीची लांबी, सारे कागदावर मांडून मग मागणी केली. जी वस्तू बिघडली तिचे माप घेतल्यावाचून नवी मागवू नये, एवढे आमच्यासारख्या गणिताच्या मास्तरास चाळीस वर्षे शिकवून झाल्यावर उमगले!

जुन्या पट्ट्या काढताना स्क्रू सहज निघाले, इतके सहज की ते धरून होते तरी कसे, याचे नवल वाटले. भोके झिजून मोठी झाली होती. त्यांत गूळ उडविलेल्या आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, आणि सकाळी वर आलेली टोके कापून टाकली. नवे स्क्रू पिळण्यापूर्वी त्यांच्या आट्यांस साबण लावला; ही युक्ती आमच्या आळीतील सुताराची. कोरडा स्क्रू जुन्या टणक लाकडात अर्ध्यावर अडतो, जोर केला की त्याचे डोके तुटून हातात येते, आणि मग तो ना आत जातो ना बाहेर येतो.

पट्ट्या बसल्या. पुतणीने पहिली तार ओवली आणि बोंड फिरविले. तार ताणली जाण्याऐवजी सुटू लागली. पुन्हा ओवली, पुन्हा सुटली. अर्ध्या घटकेनंतर ध्यानात आले की डावीची पट्टी आम्ही उजवीस लावली होती! दोन्ही पट्ट्या एकमेकींची आरशातील प्रतिबिंबे असतात, आणि अदलाबदल झाली की किल्ली उलटी फिरते. सहा स्क्रू पुन्हा काढले. सौभाग्यवतीने चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी असते तर पाच मिनिटांत झालं असतं." त्या सहज बोलल्या.

विमानाची जोडणी करणारा मनुष्य, त्याला हे किती सोपे गेले असते! एकदा, गिटार घरात होती त्या दिवसांत, त्यांनी आम्हांस सांगण्याचा यत्न केला होता की या वाद्यासही पूर्वी लाकडी खुंट्याच होत्या, अगदी आपल्या तंबोऱ्यासारख्या; मळसूत्राच्या किल्ल्या युरोपात मागाहून आल्या. ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नामध्ये योहान श्टाउफर नावाचा नामांकित कारागीर अशा किल्ल्यांच्या गिटारी बनवीत असे, आणि त्याच्या वळणाचा कारागीर मार्टिन १८३३ साली अमेरिकेस गेला, त्याचे घराणे आजही तेथे गिटारी बनविते. हे आम्हांस आता पुस्तकांतून कळले. तेव्हा बंधू सांगत होते आणि आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो.

राहिला तो सहाव्या बोंडाचा प्रश्न. नव्या जोडात सहाही बोंडे चकचकीत काळी. जुन्या पट्टीबरोबर पातेल्याचा कानही आता भंगारात जाणार होता. पुतणी ते बोंड बोटांत धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "हे नव्यावर नाही का बसणार?" बसत नव्हते. नवी दांडी केसभर जाड होती. कानस मारावी तर आमच्या घरची कानस विळीस धार लावण्याच्या कामाची. शेवटी पेठेतील सोनाराकडे गेलो. त्याने भिंग डोळ्यास लावले, अल्युमिनियमचा तुकडा चिमट्यात धरून पाहिला, आणि सुईसारख्या गोल कानसीने भोक पाच मिनिटांत वाढवून दिले. पन्नास रुपये घेतले. आम्ही जरा कुरकुरलो तेव्हा म्हणाला, "मास्तर, सोनं असो की पातेलं, घासणावळ तीच."

ते बोंड आता चौथ्या तारेच्या किल्लीवर आहे. पूर्वी ते पहिल्या तारेच्या किल्लीवर होते. पुतणीने जागा बदलली. तिला पांढरी दोनची ती हकीकत ठाऊक असण्याचे कारण नाही. चौथी किल्ली वरच्या बाजूस तिसरी येते, तेथे ते डोळ्यांसमोर राहते, एवढेच कारण तिने दिले.

सहा तारा चढल्या. संध्याकाळ झाली होती, दारे लावून घेतली तरी फटींतून गार वारा येत होता. तिने दूरध्वनीच्या यंत्रात पाहून तारा लावल्या. काट्यावर काटा आला की हिरवा दिवा लागतो म्हणे. आम्ही तंबोऱ्याची खोळ काढली. तो काळी एकमध्ये होता, नेहमीसारखा. आमचा गळा आता काळी एकलाही कसाबसा पोहोचतो. पांढरी दोन ही आमच्या बापजन्मात पुन्हा होणे नाही. परंतु गावयाचे थोडेच होते?

पुतणी म्हणाली, "काका, मी उतरवू का? मला सोपं आहे, नुसती की फिरवायची."

आम्ही म्हणालो, "नको. तारा सैल पडून वाजतात. तू थांब."

पंचमाच्या खुंटीस खडू लावला आणि दाबीत दाबीत पिळली. ती चढली व टिकली. जोडीतील पहिली तारही चढली; मणी किंचित खाली ओढून ती पुतणीच्या चौथ्या तारेशी मिळविली. जोडीतील दुसरी चढत असताना खुंटीने एकदा हात दिला नाही, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आम्ही अंमळ अधिक जोर केला आणि तार तुटली. जुनीच होती, गेल्या पावसाळ्यात गंज धरला होता.

सुट्या तारांची डबी फडताळात कोठे आहे हे सौभाग्यवतीस ठाऊक होते. नवी तार गाठ मारून ओवावयाची, घोडीवरून, अटीवरून न्यावयाची, खुंटीस गुंडाळावयाची, सूत सरकवून जवारी पाहावयाची, म्हणजे पाऊण तासाचे काम. पुतणी शाल लपेटून, गिटार मांडीवर घेऊन बसून राहिली.